लोणकरांची राहुटी

सदाशिव लोणकर स्वतःच्या गाडीचं दार उघडण्याआधी त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत. गाडी त्यांचीच असे, आत कोणी नसे, आणि बहुतेक वेळा तिला चाकंसुद्धा नसत. तरी टकटक व्हायचीच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कारण विचारलं. म्हणाले, "आबांची, म्हणजे वडिलांची, शिकवण. मालक आत वाचत बसलेले असतात, कधी डोळा लागलेला असतो. दार एकदम उघडू नये." मी म्हटलं, अहो, पण आता मालक तुम्हीच ना. त्यावर ते जरा विचारात पडले. "हो, ते आहेच," म्हणाले, "पण हाताला अजून पटलेलं नाही."

लोणकर आता नाहीत. ते कसब्यात राहत आणि एका सरकारी कचेरीत कारकून होते. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, पण मी बँकेत अधिकारी म्हणून मला कायम 'केतकरसाहेब' म्हणत. मी नको म्हटलं तर म्हणत, "असू द्या. माझं काय जातंय?" ठेंगणे, काटक, शर्टाची बाही नेहमी कोपराच्या वर दुमडलेली. समोरच्याचं ऐकून घेताना मान किंचित कलती करत, आणि ऐकून झालं की एकच वाक्य बोलत: "तुम्ही म्हणता म्हणजे असणार." या वाक्यात उपरोध नसायचा. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडी असं वाक्य सरळ अर्थाने येतं, हेच आम्हाला पचायचं नाही.

'आम्ही' म्हणजे जुन्या मोटारींचा नाद असलेले पाचसहा जण. मी शनिवार पेठेतला. आमच्या गल्लीत स्कूटर उभी करायची तर शेजाऱ्याशी करार करावा लागे, तिथे उघडीबोडकी मोटार कुठे ठेवणार? म्हणून आम्ही शहराबाहेर मांजरी गावाला उसाच्या कडेची एक पड जागा थोरात नावाच्या शेतकऱ्याकडून घेतली होती. दर रविवारी तिथे जमायचं, खिळलेले बोल्ट सोडवायचे आणि चहा प्यायचा. थोरात लांबूनच ओरडायचे, "काय सायेब, आज तरी एखादी म्हैस दूध देनार हाय का?" आमची एकही गाडी सुरू होत नसे, त्यामुळे उत्तर नव्हतं.

आमचे म्होरके बर्वे वकील. बर्वे कोणाबद्दल चांगलं बोलले तर लोक त्यांना प्रकृती विचारत. पण त्यांना मोटारींतलं कळत होतं, आणि राहुट्यांची कल्पनाही त्यांचीच. परदेशात हौशी लोक अर्धवट दुरुस्त झालेल्या गाड्या हिवाळ्यात, बर्फ पडण्याआधी, कॅनव्हासच्या सुट्या राहुट्यांत ठेवतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आहे. तेव्हा पाइपांचा सांगाडा, वर ट्रकवर टाकतात ती जाड ताडपत्री, चारी बाजूंनी दोर आणि मेखा. मे संपता संपता राहुट्या उभ्या राहत. दसऱ्याला सोडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि घडी करून थोरातांच्या पडवीत टाकायच्या. त्या दिवशी गाड्यांना झेंडूचे हार, नारळ, पेढे.

राहुटीचा नियम एकच होता. कापड जमिनीपासून वीतभर वर हवं, आणि पुढची-मागची बाजू उघडी. वरून येणारं पाणी दिसतं, पण ओल्या जमिनीतून वर येणारी वाफ दिसत नाही. राहुटी बंद असली तर ती पत्र्यावर जाऊन बसते आणि गाडी आतल्या आत घामाने सडते. हे आम्ही पहिल्याच वर्षी एक गाडी घालवून शिकलो होतो. ती गाडी बर्व्यांची होती. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

लोणकर आमच्यात सर्वांत शेवटी आले. त्यांची गाडी जुनी विलायती, चार दारांची, गडद हिरवी. त्यांचे वडील आबा हयातभर तीच गाडी चालवत होते, एका डॉक्टरांकडे. डॉक्टरांच्या मुलांनी ती भंगारात काढली तेव्हा लोणकरांनी मागून घेतली. आबा तोवर ऐंशीच्या घरात. पाय थकलेले, काठीशिवाय चालवत नसे, पण डोळे आणि कान शाबूत. लोणकरांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी पहिल्याच रविवारी कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकली: आबांना मागच्या सीटवर बसवायचं. आपण चालवायची आणि कसब्याच्या गणपतीपर्यंत न्यायचं. "जन्मभर त्या सीटवरचा बारीकसा डागसुद्धा आबांनीच पुसला," ते म्हणाले, "पण टेकले कधी नाहीत. मी विचारलं होतं लहानपणी, बसून बघता का? तर चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

आणि हा माणूस कामाला लागला. आम्ही वर्षानुवर्षं एकेका गाडीशी खेळत होतो. लोणकरांनी एकाच हिवाळ्यात गाडी उभी केली. इंजिन सुरू झालं. सीटांना त्यांच्या पत्नीने घरच्या शिलाई मशीनवर नवी कापडं शिवली. रंग तर असा बसला की बर्वे गाडीभोवती दोनदा फिरले आणि काही बोलले नाहीत. हे वाईट लक्षण होतं. खालचा पत्रा मात्र जुनाच होता. दसऱ्याला आबांना आणून सीटवर बसवायचं, मग तो पत्रा आणि ब्रेकचं थोडं काम उरकलं की गणपतीपर्यंत न्यायचं, असं ठरलं.

मेच्या शेवटच्या रविवारी लोणकरांनी आपली राहुटी उभी केली आणि बर्व्यांना विचारलं, खालून कापड किती सोडायचं. बर्व्यांनी कपातला चहा संपवला. मग अगदी कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "सोडायचं कसलं? जमिनीला टेकवा. चारी बाजूंनी शेणमातीने लिंपून घ्या, धान्याची कणगी लिंपतात तशी. ओल आत शिरताच कामा नये. आणि दसऱ्यापर्यंत उघडू नका, मध्ये उघडलं की मेहनत वाया."

बाकीचे आपापल्या गाड्यांखाली सरकले. लोणकरांना काहीतरी खटकलं असावं, कारण त्यांनी आमच्या उघड्या राहुट्यांकडे एकदा बघितलं. बर्वे लगेच म्हणाले, "आमच्या गाड्यांना रंग आहे कुठे जपायला?" तेव्हा ते माझ्याकडे वळले. आम्ही एकाच बसने यायचो, जायचो. वाटेत ते आबांच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी विचारलं, "केतकरसाहेब, तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "बर्वे सांगतात तसं करा."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणार," लोणकर म्हणाले, आणि शेण मागायला थोरातांकडे गेले.

का म्हणालो, याचं उत्तर मी बरीच वर्षं 'गंमत' असं देत आलो. ती गंमत नव्हती. त्यांची गाडी झाली होती आणि माझी होत नव्हती, एवढंच होतं. मालकांच्या मुलांना जे जमलं नाही ते ड्रायव्हरच्या मुलाने करून दाखवलं, हेही त्यात होतं. तसं कोणी उघड बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

पुढल्या रविवारी सांगू, असं वाटलं होतं. पुढल्या रविवारी लोणकर आले नाहीत. राहुटी बंद, तर येऊन करणार काय? मग चहाला तोच विषय सुरू झाला. बर्वे त्या लिंपलेल्या राहुटीकडे हात करून म्हणायचे, "लोणकरांचा मुरांबा मुरतोय." सगळे हसायचे. मीही. श्रावणात एकदा मी बर्व्यांना बाजूला घेऊन म्हटलं, आता पुरे, सांगून टाकू. ते म्हणाले, "सांगा की. तुमच्या घराजवळ राहतात. जाता जाता सांगा." शनिवारातून कसब्यात चालत जायला कितीसा वेळ लागतो? मी गेलो नाही.

दसऱ्याला लोणकर सहकुटुंब आले. आबांना रिक्षातून आणलं होतं. आबांनी पांढरा बंद गळ्याचा कोट घातला होता, ड्रायव्हरकीचा, इस्त्री केलेला. लोणकरांच्या पत्नीच्या हातात हार आणि ताम्हण होतं. आम्ही उभे होतो. लोणकरांनी वाळलेलं लिंपण फावड्याने फोडलं आणि ताडपत्री वर केली.

आधी वास आला. ओल्या गोधड्या दिवसचे दिवस कोंडून ठेवाव्यात तसा. मग गाडी दिसली. रंगाला फोड आले होते आणि फोडांखालून गंज ओघळला होता. सीटच्या नव्या कापडांवर राखाडी बुरशी चढली होती. लोणकर पुढे झाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून दाराचा तेवढा भाग पुसला, दोनदा टकटक केली आणि मागचं दार उघडलं. म्हणाले, "आबा, बसा."

आबांनी एक पाय आत ठेवला. खालचा पत्रा पापडासारखा मोडला आणि पाय आरपार जमिनीवर गेला. पोटरी खरचटली. लोणकरांनी त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं. आबांनी कोट झटकला. मग काठीच्या टोकाने त्यांनी ते लिंपण उकरलं, आमच्या राहुट्यांकडे सावकाश एक नजर फिरवली आणि बर्व्यांना विचारलं, "साहेब, आपल्या गाड्या कशा आहेत?"

"ठीक आहेत," बर्वे म्हणाले.

"हां," आबा म्हणाले. आणि रिक्षाकडे चालायला लागले.

लोणकर मात्र आमच्यापुढे हात जोडून उभे. "माझंच लिंपण कुठेतरी कमी पडलं असणार. तुम्ही सांगितलं होतं व्यवस्थित." त्यांच्या पत्नीने हार परत पिशवीत ठेवला. आणि बर्व्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुढल्या वर्षी थर जाड द्या." या वेळी कोणी हसलं नाही. पण कोणी ते वाक्य परतही घेतलं नाही.

आबा त्याच पौषात गेले. त्या सीटवर टेकायचं राहिलं ते राहिलंच. मी कसब्यात भेटायला गेलो, खाली मान घालून बसलो आणि उठलो. लोणकरांनी गाडीचा विषय काढला नाही. गाडी तशीच मांजरीला पडून होती.

पुढच्या मेमध्ये ते पुन्हा आले. दुरुस्ती काही केलेली नव्हती. राहुटी उभी केली, शेणमाती कालवली आणि लिंपायला बसले. मला म्हणाले, "यंदा जाड थर देतो." मी लांब माझ्या गाडीपाशी होतो. मी मान डोलावली. आता सांगायचं म्हणजे गेल्या वर्षीचंही सांगावं लागणार होतं, आणि आबा तर गेलेले. एका मेलेल्या गाडीला आणखी चार महिने कोंडलं तर काय बिघडतं, असा हिशेब मी मनात केला. त्या दसऱ्याला लोणकर आलेच नाहीत. एका सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि गाडी तोडून घेऊन गेला, असं थोरातांनी सांगितलं. लोणकर पुन्हा मांजरीला दिसले नाहीत.

पुढे आमचंही मोडलं. त्या जागेवर आता इमारती आहेत. दोन वर्षांपूर्वी बर्वे वारले. शोकसभेत लोक त्यांच्या विनोदबुद्धीबद्दल बोलले. मीही बोललो, आणि लोकांना आवडलं. दुसऱ्या दिवशी मी चालत कसब्यात गेलो.

लोणकर खूप वाकले होते, पण बाही तशीच दुमडलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. चहा आला. मी सगळं सांगितलं, बर्व्यांचं, माझं, मुरांब्याचं, श्रावणाचं. ते मान कलती करून ऐकत राहिले. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "आबांनी त्याच दिवशी रिक्षात सांगितलं होतं. सदा, तुला हसलेत हे लोक. पण भांडू नकोस म्हणाले, मोठी माणसं आहेत."

मी विचारलं, मग दुसऱ्या वर्षी पुन्हा का लिंपलंत?

"बघायचं होतं," लोणकर म्हणाले. "बर्वे काही बोलणार नाहीत हे ठाऊक होतं. तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. आबांच्या दिवसांना येऊन गेला होतात, मान खाली होती तुमची. म्हटलं, हा माणूस या खेपेला थांबवेल. थांबवलं असतंत ना, केतकरसाहेब, तर मी मागचंही सगळं सोडून दिलं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कचेरीत समोरच्याचा कागद अपुरा निघाला म्हणजे कारकून बघतो, तसं. "तर तुम्ही घमेलं उचलू लागलात."

त्यानंतर त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, आणि मी निघालो. सहा महिन्यांनी ते गेले.

वर मी लिहिलं आहे की त्या दिवशी मी लांब माझ्या गाडीपाशी होतो. ते खरं नाही. मी त्यांच्याजवळच होतो. ओल्या शेणमातीचं घमेलं जड होतं, त्यांना एकट्याला उचलवेना, तेव्हा दुसरा कान मी धरला. आम्ही दोघांनी मिळून ते राहुटीपर्यंत नेलं. ते म्हणाले, "उपकार झाले." आणि मी म्हणालो, त्यात काय.