व्याह्यांच्या घरी दोन किलो मीठ

व्याह्यांच्या घरी जाताना मिठाई न्यावी, मीठ नेऊ नये. हे आमच्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मी नांदेडला शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात ऐकलेलं घरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या आठवड्यात मॅडमनी शिकवलं, की गरोदर बाईच्या खाण्यात आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ मागे पडू शकते. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. कारण माझी वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी देगलूरला माहेरी गेली होती, आणि तिथे स्वयंपाकात बिनआयोडीनचं खडेमीठ वापरतात हे मी पाहिलं होतं. बाळ आमचं, आणि मेंदू घडत होता देगलूरला!

मी दादाला फोन केला.

"तू कायला टेन्शन घेऊन राहिलास?" दादा म्हणाला. "आपण समदे खडेमीठ खाऊनच मोठे झालो न्हाई का?"

"तेच तर म्हणतोय मी."

त्याने फोन ठेवला.

शेवटी मी आयोडीनच्या मिठाची दोन पाकिटं घेऊन देगलूरची बस पकडली. दार वहिनीच्या आईने, म्हणजे मावशींनी उघडलं.

"या पावनं. अचानक?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, असं म्हणतात. मी विज्ञानाचा विद्यार्थी, मी मानत नाही. (भांडण व्हायला चार मिनिटं लागली.)

आतून वहिनीचे वडील, तात्या, आले. त्यांचं किराणा दुकान आहे, हे सांगायचं राहिलंच.

"मीठ आनलं?" त्यांनी पिशवीत पाहिलं. "किराणा दुकानदाराच्या घरी?"

"आयोडीनचं हाय, तात्या."

"माझ्या दुकानात ह्याची थप्पी लागलीय."

"हाव, पण तुम्ही घरात पोत्यातलंच खाता." (हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं नव्हतं. आपोआप आलं.)

मावशींनी पदर खोचला. "म्हंजी आमी पोरीला नीट खाऊ घालत न्हाई, असं तुमच्या आईनं सांगून धाडलं का?"

"न्हाई न्हाई, आईला माहीतच न्हाई. बाळाच्या मेंदूचा प्रश्न..."

"आमच्या नातवाच्या मेंदूला काय धाड भरलीय?"

"भावजी, गप बसा ना," वहिनी कळवळून म्हणाली.

पण तात्यांनी पिशवी माझ्या हातात परत ठेवली होती. "बाळंतपण तुमच्याकडंच करा मग. पोरीला घेऊन जा, मीठ बी घेऊन जा."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेरी बाळंत व्हायची तिची हौस मी दोन किलोत घालवली होती. तिने नाक पुसलं, माझ्या आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "इहीणबाई, मनावर घेऊ नका. ह्याच्या वेळी मला मातीचे डोहाळे लागले होते. न्हाणीच्या भिंतीचे पोपडे खाऊन खाऊन मी भिंत अर्धी केली. सासूबाई म्हणायच्या, पोरगं कसं निघंल कुणास ठाऊक. आता तुमच्या म्होरंच हुभं हाय."

मावशींनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"अहो," त्या तात्यांना हळूच म्हणाल्या, "आईच्या खाण्याचा पोराच्या डोस्क्यावर परिणाम होतो, हे खरंच हाय की."

"दिसूनच राहिलंय," तात्या म्हणाले, आणि पिशवी त्यांनी स्वतः आत नेली.

त्याच दिवसापासून खडेमीठ लोणच्यापुरतं उरलं आणि वहिनी माहेरीच राहिली. आता मावशी गल्लीतल्या गरोदर बायकांनाही आयोडीनचं महत्त्व पटवतात. कुणाला पटलं नाही, की मला व्हिडिओ कॉल लावतात. मी काही बोलायचं नसतं. नुसतं दिसायचं असतं.