बबनच्या उशाचं बटण

बबनच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या घरी मिक्सर खोलून बसलो होतो. वाटलं, बापाने पुन्हा आठवण करून द्यायला लावलं असणार. ‘‘या रविवारी नक्की येतो म्हणून सांग,’’ मी त्याला बोलूच दिलं नाही. तो म्हणाला, ‘‘काका, आबा सकाळी गेले.’’

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो आणि दोघांनाही सर्किटं जुळवायचा नाद. सुट्टी आली की त्याच्या गावी, कान्ह्याला, घराच्या पडवीत आमचं दुकान मांडलेलं. पहिलंच सर्किट एका बटणाचं होतं. एकदा दाबलं की दिवा लागायचा, परत दाबलं की विझायचा. निदान तसं व्हायला हवं होतं. आमचा दिवा लागायचा आणि तिथल्या तिथे विझायचा. मी चिडून आयसीच्या चिप बदलत सुटलो. बबन नुसता बटणाकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘‘आरं, आतली पत्ती थरथरतीय. आपण दाबतो एकदा, त्याला वाटतंय दोनदा. त्याला जरा थांबाया लाव.’’ मग बटणाला एक बारकासा कपॅसिटर जोडला आणि दिवा शहाण्यासारखा वागू लागला. सोल्डरिंगचे त्याचे डाग ज्वारीच्या दाण्यासारखे टपोरे, चकचकीत. माझे म्हणजे नुसते ओबडधोबड गोळे. ‘‘अरू, भजी तळलीस व्हय?’’ हे त्याचं ठरलेलं.

पुढे आजारपणात त्याचे हात कापायला लागले. उशाशी तेच एका बटणाचं सर्किट होतं, रात्री उठायचं तर वहिनींची झोपमोड नको म्हणून. पण थरथरत्या बोटाने दिवा सारखा लागायचा-विझायचा, आणि शेवटी वहिनींनाच उठावं लागायचं. त्याचं त्याला फार लागलं. फोनवर म्हणाला, ‘‘मोठा कपॅसिटर बसवला की भागंल. पण माज्या हातानं आता डाग बसत न्हाई. तू ये ना.’’ येतो म्हणालो. मग पाहुणे आले, मग पाठ धरली, मग हायवेवर गाड्यांची गर्दी होती. सगळ्या थापा. लोणावळ्याहून कान्हे ते काय लांब! त्याचे ते हात कापताना मला बघायचे नव्हते, एवढंच खरं. लाज वाटते हे लिहिताना.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला. ‘‘घ्या भाऊजी. त्या दिवशी तुमी बटण बसवाया आलतात, तवा मी शेतावर गेलते. चा सुदिक मिळाला न्हाई तुमाला.’’

मला काही कळेना. त्यांनी उशाशी ठेवलेला बटणाचा डबा आणून झाकण काढलं. ‘‘ह्यांनी मला उघडून दाखवलं. म्हनले, बघ, अरूनं भजी तळलीत. लय हसले. पर त्यानंतर मला एकदा बी उठवलं न्हाई बगा.’’

आत मोठा कपॅसिटर बसवलेला होता. डाग ओबडधोबड, वायरचं प्लास्टिक वितळलेलं, डब्याच्या कडेला सोल्डरिंगची तापलेली सळई घसरल्याचे काळे चटके. घरात कुणी नाही असं बघून, तसल्या हातांनी, एकट्याने बसून केलं होतं त्याने… आणि मित्र आला नाही हे बायकोला कळू नये म्हणून माझ्या नावावर खपवलं होतं. वहिनींना सांगायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

काहीतरी करायचं म्हणून बटण दाबलं. दिवा लागला नाही.

‘‘जरा दाबून धरा, भाऊजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुमीच केलंय न्हवं?’’

मी दाबून धरलं. दिवा लागला. मी ‘हो’ म्हणालो.

डबा अजून बबनच्या उशाशीच आहे. कान्ह्याला जाऊन वहिनींना खरं सांगायचं आहे. रविवारी जाईन, असं लिहिणार होतो… हात धजत नाही.