कागदवाल्याला ‘नाही’ म्हणायचं

आमच्या विभागात जगभर पांगलेल्या समाजांचा अभ्यास चालतो. म्हणजे साहेब परिषदा गाजवतात आणि टायपिस्टबाई कानाला हेडफोन लावून मुलाखती उतरवतात. बाई स्वतः अशाच एका पांगलेल्या समाजातल्या. एकोणीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी इथला ग्रंथपाल, मलाही चहा पिताना सहज कळलं.

शाळेत आपल्या भाषेचा वर्ग सुरू व्हावा म्हणून बाईंनी अर्ज केला होता. निर्णय साहेबांच्या अहवालावर होता. साहेबांनी बाईंच्या समाजातल्या चाळीस घरांत विचारलं, तुमची भाषा येते का? चाळीसही घरं ‘नाही’ म्हणाली. झालं, साहेबांनी भाषा मेली असं लिहून टाकलं.

बाई तो अहवाल टाईप करायला तयार होईनात. साहेब म्हणाले, पुरावा आणा. बाईंनी बैठकीला थेट आपल्या मावशीलाच आणलं. मावशी ऐंशीची, काठी टेकत आली. साहेबांनी पेन उघडून तोच प्रश्न विचारला आणि मावशी शांतपणे म्हणाली, नाही. साहेबांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्यांचा चेहरा असा खुलला, की मला त्यांच्या टकलावर चहा ओतावासा वाटला.

बाई उठून उभ्या राहिल्या. “आमच्यात पोरांना आधी हेच शिकवतात, कागद घेऊन विचारायला येईल त्या कागदवाल्याला ‘नाही’ म्हणायचं. हिचे वडील एकदा याच प्रश्नाला ‘हो’ म्हणाले होते. त्यांना नेलं, ते परत आले नाहीत.”

घरातली गोष्ट चारचौघांत उघडी पडली म्हणून मावशी भडकली. तिनं तिथल्या तिथे भाचीची खरडपट्टी काढली, तीही आपल्या भाषेत. तोंडाचा पट्टा थांबेचना. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी शिव्या कुठल्या ते बरोबर कळलं.

साहेब चाचरत म्हणाले, “काय म्हणतायत या?”

“माझी अक्कल काढतेय,” बाई म्हणाल्या. “लिहून घ्या.”

तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. ती मटकन खाली बसली. बाईंनी तिचा हात धरला, तसा तिनं तो सोडवून घेतला, साहेबांपुढचा कागद ओढला आणि त्यावरचं ‘नाही’ स्वतः खोडलं.

“माझा बाप ‘हो’ म्हणाला तेव्हा एकटा होता,” ती म्हणाली. “आज आम्ही दोघी आहोत. लिही, येते.”