चार चिठ्ठ्या आणि एक नाणं

आमच्या घरात नवस बोलायला बंदी आहे. बंदी घालणारे आमचे हे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि रविवारी नाशिकच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात बायकांना समोर बसवून तेच शिकवलं: गंडेदोऱ्यांनी ताप उतरत नाही, त्याला गोळी लागते. एकदा माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाच्या गळ्यातला ताईत यांनी भरल्या पानावरून उठून कात्रीने कापला. बहीण वर्षभर बोलली नाही. पण मीही यांच्याच बाजूची. लहानपणी मी पंचवटीत हार ओवायला जायचे, ते ज्या देवळांत माझ्या आजोबांना पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्याच देवळांसाठी. देव मला कुणी शिकवायला नको.

तर अशी आम्ही दोघं गेल्या वर्षाच्या शेवटी जपानला गेलो. मुलगी तिकडे क्योटोत नोकरीला. निघायच्या आधी माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. हे म्हणाले, जाणं पुढे ढकलू. मी म्हटलं, "का? गाठ काय तोवर पळून जाणारे? रिपोर्ट तुमच्या मोबाइलवर येईल. आला की तोंडावर सांगायचं, लपवाछपवी चालणार नाही." हे 'बरं' म्हणाले.

मुलीने जुन्या देवळांच्या वस्तीतली पायी फेरी ठरवली होती. वाट दाखवणारी बाई सत्तरीची, हातात छोटा झेंडा, चाल माझ्याहून तरातरा. ती इंग्रजीत सांगायची, मुलगी मला मराठीत. गल्ल्या थेट पंचवटीच्या, फक्त हॉर्न नाही. बुद्धाचा देश म्हणून मी पांढरी साडी नेसून गेले होते. आणि ती बाई आम्हाला दाखवते काय, तर विहीर! म्हणे एक दरबारी माणूस दिवसा राजाकडे काम करायचा आणि रात्री या विहिरीतून खाली यमाच्या कचेरीत हजर व्हायचा.

"विचार तिला, ओव्हरटाइम मिळायचा का?" मी म्हटलं. मुलीने विचारलं नाही.

पुढे एक मिठाईचं दुकान. तिथे म्हणे एक बाई रोज संध्याकाळी साखरेची गोळी घ्यायला यायची. दुकानदार मागोमाग गेला तर ती कबरस्तानात दिसेनाशी झाली. खणून पाहिलं तर मेलेली आई, आणि तिच्या कुशीत गोळी चोखणारं जिवंत पोर.

"घ्या! मेल्यावरसुद्धा बाईला सुट्टी नाही," मी म्हटलं. मुलगी हसली. हे हसले नाहीत. मोबाइल खिशात ठेवून दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले, जसं काही जपानी वाचता येतं.

शेवटी एक मोठं देऊळ. आत बुद्ध, आणि दारात नशिबाच्या चिठ्ठ्या. नाणं टाकायचं, डबा हलवायचा, काडी बाहेर पडली की तिच्या नंबरची चिठ्ठी घ्यायची. चांगली निघाली तर घरी न्यायची, वाईट निघाली तर तिथल्या तारेला बांधून यायचं. म्हणजे वाईट नशीब तिथेच राहतं. माझं डोकंच फिरलं. बुद्धाच्या दारात पोपटवाला ज्योतिषी! आता हे चांगलं भाषण ठोकतील म्हणून वळले, तर हे गायब.

"बाबांनी मघाशी माझ्याकडची सुटी नाणी नेली. चहाच्या मशीनला हवीत म्हणाले," मुलगी म्हणाली.

शोधत गेले, तर देवळाच्या बाजूला तारांपाशी हे उभे. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं, आणि मध्ये आमचे गुरुजी चिठ्ठी बांधतायत. गाठ बसत नव्हती, कागद फाटत होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: आता रविवारी विहारात कोणत्या तोंडाने बोलणार? पण ते तिथेच राहिलं. कारण हा माणूस उगाच असं काही करणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

"रिपोर्ट आला," मी म्हटलं.

यांनी मान हलवली.

"कधी?"

"त्या मिठाईच्या दुकानापाशी."

"कॅन्सरच ना?"

"हो."

आधी तारेचा खांब धरला मी, खोटं कशाला सांगू. मग राग आला. "तोंडावर सांगायचं ठरलं होतं ना?"

"एक तरी चांगली निघू दे, मग सांगतो म्हटलं," हे म्हणाले. "चार काढल्या. चारही वाईट."

मला रडू आलं आणि हसूही. "आणा इकडे," म्हटलं. हार ओवलेले हात माझे. चारही चिठ्ठ्या नीट घड्या घालून अशा घट्ट बांधल्या की वादळात सुटायच्या नाहीत. मग यांच्याकडे वळून म्हटलं, "आता रविवारी सांगता ते मला सांगा. ताप कशाने उतरतो?"

यांचे डोळे भरले. "गोळीने."

"मग? चला, नाशिक गाठू. उरलंय का एखादं नाणं?"

एक उरलं होतं. त्याचा आम्ही मशीनमधून गरम चहा घेतला. ना दूध, ना साखर, कडू जहर. दोघांनी मिळून संपवला.

आता माझे चार डोस झालेत. केस गेले, आवाज शाबूत आहे. मागच्या रविवारी विहारात एक नवीन बाई तापाचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोराच्या मनगटात काळा गंडा. सगळ्यांच्या नजरा यांच्याकडे. आता कात्री मागवणार! हे उठले, तिच्याजवळ गेले, पोराच्या कपाळाला हात लावला.

"औषध वेळेवर देतेस ना?" यांनी विचारलं.

"देते, गुरुजी."

"मग तो राहू दे," हे म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

घरी आल्या आल्या मी बहिणीला फोन लावला.