मामंजींची मान आणि डोक्यावरचा शनी

बहात्तरच्या दुष्काळात नगरचं आकाश फार सुंदर होतं. हे कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. लोक ढगाची वाट बघत होते आणि ढग नव्हता, म्हणून रात्री तारे विखुरल्यासारखे दिसायचे. पाण्याच्या टँकरमागे उभं राहून "काय स्वच्छ आकाश आहे!" असं म्हणणाऱ्या बाईला कोणी पुढे नंबर दिला नसता. मी गप्प बसायची.

आम्ही तेव्हा सावेडीला राहायचो. आता तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही, पण तेव्हा तो गावाबाहेरचा माळ होता. चार-दोन नवी घरं, मधे बाभळी, आणि संध्याकाळी सातनंतर अंधार. घरात आम्ही चौघं. सासरे जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई. माझे यजमान पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, आणि मी मुलींच्या शाळेत विज्ञानाची बाई.

मामंजींची रास वृषभ. शनीही तेव्हा वृषभेत होता. साडेसातीचा ऐन मधला तुकडा चालू होता आणि मामंजी त्याच्याकडे कोर्टातल्या लांबलेल्या खटल्यासारखं बघायचे. आधी विहीर आटली. मग ते न्हाणीत घसरले आणि मान दुखावली. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. मग त्यांच्या हातचं लिंबाचं झाड वाळलं. दर शनिवारी ते एसटीने शिंगणापूरला जाऊन तेल वाहून यायचे. पट्ट्यामुळे मान खालीही होत नसे आणि वरही होत नसे, त्यामुळे नमस्कार कमरेतून करावा लागे.

एका शनिवारी परत आल्यावर त्यांनी चहा घेतला आणि मला हाक मारली.

"सूनबाई, तू विज्ञान शिकवतेस ना?"

"हो."

"शनी खरोखरीचा दिसतो का? वर, आकाशात?"

"दिसतो की. आत्ता तुमच्या डोक्यावरच आहे."

हे मी सरळ अर्थाने बोलले होते. त्या दिवसांत शनी रोहिणीच्या जवळ होता आणि संध्याकाळी आठच्या सुमारास अगदी बरोबर माथ्यावर यायचा.

"ते ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "पण मला बघायचाय. तीस वर्षं कोर्टात काढली. आरोपीला समोर उभा केल्याशिवाय कोणताही खटला निकाली निघाल्याचं मी पाहिलं नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, शनीच्या नजरेला नजर द्यायची नसते."

यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. निकाल लागला नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक पितळी दुर्बीण होती. एकातून एक बाहेर येणाऱ्या नळ्यांची, लांबट. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेऊन मी ती घरी आणली. समोरच्या टेकडीवरची बकरी तिच्यातून छान दिसली. सासूबाईंनी बकरीचे कान बघितले आणि दुर्बीण चांगली आहे असं सांगितलं. पण बकरी समोर असते. शनी डोक्यावर होता.

डोक्यावरचं काही सरळ नळीतून बघायचं, तर डोळा नळीच्या खाली न्यावा लागतो आणि मान पाठीवर टाकावी लागते. चांगल्या मानेलाही ते पाच मिनिटांपलीकडे जमत नाही. मामंजींची मान तर पट्ट्यात होती. ह्यांनी एका फोटो स्टुडिओतून जुना तिपाई स्टँड आणला. दुर्बीण सरळ वर केली की ती स्टँडच्याच पायाला अडायची. शेवटी ह्यांनी तोडगा काढला. अंगणात बाज टाकायची, मामंजींना तिच्यावर उताणं झोपवायचं, आणि धुणं वाळत घालायच्या बांबूला दुर्बीण वरून बांधून त्यांच्या डोळ्यावर आणायची.

जानेवारीचा महिना होता. मामंजी स्वेटर, मफलर आणि पट्टा घालून बाजेवर आडवे झाले. थंडी होती म्हणून मी अंगावर पांढरी चादर घातली. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं, आणि दारातच थांबल्या.

"अहो, पाय दक्षिणेकडे आहेत."

आम्ही बाज फिरवली. बाज फिरवल्यावर दुर्बीण डोळ्यावर येईना, म्हणून बांबू हलवला. बांबू हलवल्यावर शनी सापडेना. सापडला तेव्हा मामंजींच्या श्वासाने काच धुरकट झाली होती. ती पुसायला हात लावला की सगळं आकाश थरथरायचं.

"दादा, दिसतंय का?" ह्यांनी विचारलं.

"काहीतरी नाचतंय," मामंजी म्हणाले. "कढईतल्या वड्यासारखं."

मग त्यांना उठवायला आम्हा दोघांना हात लावावा लागला. त्या रात्री त्यांची मान शेकत बसताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, की नजर देणं म्हणतात ते हेच.

ह्यांच्या ऑफिसातल्या एकाचे मावसभाऊ पुण्यात दुर्बिणी तयार करायचे. धंदा म्हणून नव्हे, छंद म्हणून. एका रविवारी आम्ही दोघं एसटीने गेलो. एकटे गृहस्थ, निवृत्त, दोन खोल्यांत राहणारे. पलंगाखाली काचेच्या जाड चकत्या, आणि टेबलावर काच घासायची ओली पूड. ह्यांनी तयारीचा प्रश्न विचारला, "आम्हाला किती पट मोठं दाखवणारी घ्यावी लागेल?"

त्यांनी आपलेच प्रश्न सुरू केले.

"बघणार कोण?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील."

"वय?"

ह्यांनी सांगितलं.

"चष्मा?"

"जाड आहे."

"उभं राहवतं?"

"फार वेळ नाही. शिवाय मानेला पट्टा आहे."

"मग आधी खुर्ची ठरवा," ते म्हणाले. "खुर्चीत बसल्यावर त्यांचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर येतो ते मोजा. दुर्बीण त्यावरून ठरेल. लोक उलटं करतात. मोठी दुर्बीण आणतात, महिनाभर ओणवे होतात, आणि मग तिच्यावर गोधड्या ठेवतात."

त्यांनी आम्हाला आरशाची दुर्बीण दाखवली. एक उघडी लांब पेटी. तळाशी पुरणपोळीएवढा गोल, खोलगट आरसा. उजेड वरून आत येतो, आरशावर आपटून परत वर जातो, तिथे एक छोटा तिरका आरसा त्याला बाजूला वळवतो आणि पेटीच्या कडेला भोक पाडून बसवलेल्या भिंगातून आपण बघतो. मी विज्ञानाची बाई. आकृती मी फळ्यावर अनेकदा काढली होती. पण ह्या आकृतीत माणूस कुठे बसतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पेटी सरळ वर धरली, की भिंग कडेला, आडवं. म्हणजे डोक्यावरचं बघायला समोर बघायचं. मान हलवायचीच नाही.

"आरसा घेऊन जा," ते गृहस्थ म्हणाले. "मी घासलेले तीन आहेत. डोळे दोनच." सोबत एक बारीक भिंगही दिलं.

घरी आल्यावर ह्यांनी वडिलांना खुर्चीत बसवून टेपने मोजलं. पेटी देवदारी फळ्यांची केली. इथवर सगळं नीट चाललं होतं. मग ती पेटी कशावर बसवायची हा प्रश्न आला आणि ह्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला.

तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. पृथ्वीच्या आसाला समांतर असा तिरका दांडा केला, तर तो एकच दांडा फिरवून ताऱ्याच्या मागे जाता येतं. हे बरोबर आहे. ह्यांनी त्याचे सुरेख नकाशे काढले. मग पाण्याच्या पाइपांचे कोपरे आणि मोडक्या जीपच्या चाकाचा हब वापरून स्टेशन रोडच्या एका वर्कशॉपमध्ये ते प्रकरण तयार झालं. हातगाडीवर घालून ते घरी आणलं तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही बोअरिंग घेतोय. दोघांनी येऊन पाणी कितीवर लागलं याची चौकशी केली.

तारा त्याच्यावर छान पकडता यायचा. पण तिरक्या दांड्यावर पेटी फिरली की भिंग भलतीकडे जायचं. एकदा ते खाली तोंड करून राहिलं. एकदा पलीकडच्या बाजूला, जिथे तुळशीवृंदावन होतं. एकदा इतकं वर, की ह्यांनी खुर्ची जेवणाच्या टेबलावर ठेवायची सूचना केली. मामंजी उठले, बसले, पुन्हा उठले, तुळशीला वळसा घालून आले, आणि टेबलाकडे बघून थांबले.

"खटला तहकूब," म्हणाले, आणि आत गेले.

ह्यांचे नकाशे गुंडाळून कपाटावर गेले.

तिसऱ्या दिवशी मी कोठीच्या खोलीत टँकरच्या पाण्याची घागर ठेवायला जागा करत होते आणि जात्याला ठेच लागली. गिरणी आल्यापासून ते कोपऱ्यात पडून होतं. अंगठा धरून मी खाली बसले. बसल्या बसल्या वरची तळी ढकलली. ती फिरली. सोडली, तिथे थांबली. पुन्हा ढकलली. जड, बुटकं, हलायचं नाव नाही, आणि हवं तिकडे वळतं. मला अंगठ्याचा विसर पडला.

सासूबाईंची परवानगी काढायला बसले.

"जात्यावर शनी बसवणार?" त्या म्हणाल्या.

"शनी नाही. पेटी."

"लग्नात त्याला हळद लावतात."

"पेटी काढली की पुन्हा लावू."

त्या विचार करत होत्या. तेवढ्यात ह्यांनी मधे तोंड घातलं आणि आयुष्यातला त्यांचा सर्वांत उपयोगी युक्तिवाद केला. "आई, या दुर्बिणीतून शनीला नजर द्यावीच लागत नाही. आपण आरशात बघतो. तोसुद्धा एक नाही, दोन आरसे."

सासूबाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी खुर्चीत ताठ बसून मुद्दा तपासला.

"प्रतिबिंबाची नजर लागत नाही," ते म्हणाले. "ग्राह्य आहे."

जातं अंगणात आलं. दोन तळ्यांमधे घोंगडीचा गोल तुकडा घातला, म्हणजे घरघर बंद. वरच्या तळीवर फळी, खुंट्याच्या भोकातून अडकवलेली; फळीवर दोन उभे कान, आणि कानांमध्ये पेटी, तोफेसारखी खालीवर होणारी. आडवं वळवायचं असेल तर जातं ओढायचं, वर न्यायचं असेल तर पेटीला बोट लावायचं. ह्यांनी एकदा फिरवून पाहिलं आणि तिरक्या दांड्याचं नावही काढलं नाही. त्यांच्या हबवर नंतर कित्येक वर्षं आमची पाण्याची टाकी उभी होती.

राहिलं भिंग. पुण्याच्या गृहस्थांनी दिलेलं बारीक भिंग चांगलं होतं, पण त्याचं भोक सुईच्या नेढ्यापेक्षा जरा मोठं. डोळा अगदी चिकटवावा लागायचा. मामंजींचा चष्मा मधे यायचा आणि चष्मा काढला की भोक कुठे आहे तेच दिसायचं नाही. शिवाय त्यातून शनी मोठा आणि पातळ दिसायचा, आणि बघता बघता कडेने निघून जायचा. नगरला लष्कराचा तळ असल्याने बाजारात डिस्पोजलचा माल भरपूर. बूट, पाण्याचे बुधले, आणि एका दुकानात रणगाड्यातल्या दुर्बिणींचे सुटे भाग. तिथे मला एक भिंग मिळालं, चहाच्या बशीच्या खळग्याएवढं रुंद. गचके खाणाऱ्या रणगाड्यात बसून बघायला केलेलं ते. डोळा दोन बोटं लांब असला तरी सगळं दिसायचं, चष्म्यासकट. ह्यांनी हिशेब करून सांगितलं, की याने पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच मोठं दिसेल.

"चालेल," मी म्हणाले. "दिसेल तर."

फेब्रुवारी उजाडला होता. सातच्या पुढे अंधार पडताच मी पेटी वर केली, पेटीवर ठोकलेल्या दोन खिळ्यांच्या रेषेत शनी धरला, आणि भिंगातून बघितलं. मग बाजूला झाले. मामंजी खुर्चीत बसले. खाली एक उशी द्यावी लागली. पाठ टेकलेली, चष्मा घातलेला, मान पट्ट्यात सरळ, आणि समोर भिंग.

सासूबाई पदराशी चाळा करत उभ्या.

"अहो, काय दिसतंय?"

"लहान आहे," मामंजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "याच्याही मानेला पट्टा आहे."

आणि ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसल्याने मान दुखत होती, म्हणून एका हाताने पट्टा धरून हसत होते. शनी भिंगातून निघून गेला. मी जातं बोटभर ओढून त्याला परत आणलं.

मग सासूबाई बसल्या. शिंगणापूरला आम्ही बायका चौथऱ्याच्या खालून हात जोडायचो. त्यांनी डोळा लावला, दुसरा डोळा पदराने झाकला, आणि खूप वेळ बघितलं.

"इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं," म्हणाल्या. "सुबक आहे. कोणी उगाच नावं ठेवलीत."

पुढे उन्हाळ्यापर्यंत संध्याकाळी अंगणात माणसं यायची. मामंजी खुर्चीशेजारी उभे राहून पुकारा करायचे, आणि दर माणसाला दोन मिनिटांपेक्षा जास्त देत नसत. शनिवारचं तेल त्यांनी सोडलं नाही. पण घरात काही बिघडलं, की शनीचं नाव घेणं कमी झालं. मे महिन्यात पट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण. सासूबाई म्हणाल्या, तेलाचा. ह्यांचं म्हणणं, तीन महिने मान न वाकवता बसल्याचा. मामंजींनी तिन्ही म्हणणी ऐकून घेतली आणि निकाल राखून ठेवला.

त्याआधी, मार्चमधल्या एका संध्याकाळी घरचे सगळे एका मुंजीला गेले होते. मला दुसऱ्या दिवशी परत द्यायचे पेपर तपासायचे होते म्हणून मी राहिले. पेपर तपासले नाहीत. पेटी मृग नक्षत्राकडे वळवली, मामंजींच्या खुर्चीत बसले, आणि मृगाच्या पोटाखालचा धुरकट डाग, म्हणजे पुस्तकातला तेजोमेघ, भिंगात घेतला. त्यात चार बारीक तारे होते, अगदी जवळ जवळ, आणि भोवती पंखासारखं काहीतरी पसरलेलं. एवढे दिवस मी दुसऱ्यांना दाखवण्यासाठी वाकून, ओणवं होऊन बघत आले होते. बसून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तो डाग सरकला की मी जातं ओढायची, पुन्हा सरकला की पुन्हा.

फाटक वाजलं तेव्हा माझे पाय गार पडले होते.

"जेवलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले, आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला.