छकुलीची तीट

आमच्या समोरच्या काकूंनी तीट लावली नाही अशी एकही देखणी वस्तू नवी मुंबईतल्या सीवूड्समध्ये उरलेली नाही. नवा फ्रिज, माझी स्कूटी, सोसायटीची नुकती रंगवलेली भिंत, एवढंच काय, एपीएमसी मार्केटातून आणलेल्या हापूसच्या पेटीतला वरचा आंबासुद्धा त्यांच्या काजळाच्या बोटातून सुटला नाही. भिंतीवरून सेक्रेटरींनी कुरकुर केली, तर काकू त्यांच्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, "तुमाला पन लावू का? बरं दिसताव आज." सेक्रेटरींनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकू मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. गावाच्या जागी टॉवर आले, पण कमरेच्या पिशवीतली काजळाची डबी तशीच राहिली.

त्यांचा मुलगा जर्मनीत. त्याला मुलगी झाली ती सातव्याच महिन्यात, आणि जन्मल्यापासून ती काचेच्या पेटीत. काकूंना तिकडे जाणं जमलं नाही. मुलाने फोन घेऊन दिला आणि नात रोज फोटोंतून इकडे येऊ लागली. काकूंनी अर्थातच फोनलाही तीट लावली, नेमकी कॅमेऱ्याच्या काचेवर! मी काच पुसली, फोनला काजळ लावायचं नाही अशी तंबी दिली आणि नातीच्या फोटोंचा 'छकुली' नावाचा वेगळा फोल्डर करून दिला. बारशानंतर खरं नाव घालता यावं म्हणून नाव बदलायचं कसं तेही शिकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू अनवाणीच धावत आल्या. "बाय, माजी पोर गेली! सगले फोटू गेले. तिला काय झाला त नाय ना?" गॅलरीत भेंडी होती, लाइटबिल होतं, गुडघ्याचा एक्सरे होता, फक्त पोर नव्हती. मुलगा फोन उचलेना. शकुन-अपशकुन मी मानत नाही, तरी मुलाला मीही दोनदा फोन लावून पाहिला. फोनमधल्या फाइलींची यादी उघडली, लपवलेल्या फाइली दाखव म्हटलं, आणि पहिल्याच ओळीत दिसलं '.छकुली'. आत सगळे फोटो सुखरूप.

"काकू, नावाआधी हे टिंब कोणी दिलं?"

"मीच. फोनला काजल नको बोललीस ना? मंग नावालाच लावली तीट."

नावाआधी टिंब असलं की फोन तो फोल्डर लपवतो, हे मी समजावलं. काकू खूश झाल्या. "मंग बरोबरच हाय की! कोनाला दिसलाच नाय, त नजर कोन लावल?"

"अहो, पण तुम्हालाही दिसत नाही ना!"

तरी काकू टिंब पुसू देईनात, फोन छातीशी घट्ट धरून बसल्या. शेवटी मी म्हटलं, "कपाळावरची काढून गालावर लावूया." टिंब नावाच्या शेवटी नेलं आणि गॅलरीत पोर परत आली. काकूंनी फोनसमोर कडाकडा बोटं मोडली. संध्याकाळी मुलाचा फोन आला, पोर पेटीबाहेर आली होती. याचं श्रेय डॉक्टरांना द्यायला काकू आजही तयार नाहीत.

या मे महिन्यात ती पोर प्रथमच आली. गुटगुटीत, घरभर पळणारी. काकूंनी काजळात बोट बुडवलं आणि पुढे झाल्या. पोर घाबरून आईच्या मागे लपली. तिला ही बाई कुठे माहीत होती! काकूंचं बोट हवेतच राहिलं. मला फार वाईट वाटलं. काकूंनी बोट सावकाश पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"राहू दे. हिला मी कवाची लावलीय."