उजवा गाल

त्वचेच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना सगळे ताई म्हणत. वय बावन्न. डावा गाल मात्र चाळिशीचा. हे काही दुखणं नव्हतं, नोकरी होती. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डाव्या गालात फिलरचं इंजेक्शन दिलं. गाल भरून आला, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी विरली. "उजवा राहू दे, लोकांना फरक दिसायला हवा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकीपुढे ताई दिव्याखाली बसत. आधी ही बाजू, मग ती. फोटोवर कुणाचा विश्वास बसत नसे, जिवंत माणसावर लगेच बसे. डावा गाल वर्षभरात ओसरला की पुन्हा भरला जाई, तोही फुकट. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

पण माणसाचा गाल म्हणजे काय दुकानातला नमुना? अनोळखी बायका नाकाला नाक भिडवून घडी न्याहाळत, "अगंबाई, केवढा फरक!" म्हणत, आणि ताई बेताने हसत. या हसण्याचा त्यांना आता वीट आला होता. घरी मुलगी विचारी, "आई, तू फोटोत नेहमी तिरकी का उभी राहतेस गं?" तिचं लग्न शनिवारवर आलं, तेव्हा ताईंनी पहिल्यांदाच डॉक्टरीणबाईंकडे काही मागितलं. लेकीच्या शेजारी एकदा सरळ उभं राहायचं होतं, बस्स. दोनदा आज-उद्या करून डॉक्टरीणबाई मंगळवारी कबूल झाल्या. कपाटात फिलरची शेवटची भरलेली सिरिंज उरली होती, नवा माल आठ दिवसांनी येणार होता.

ताईंनी स्वतःच उजव्या गालाला बधिर करायचं मलम लावलं आणि खुर्चीत ताठ बसल्या. डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या. या खुणा बसवूनच कराव्या लागतात. आडवं झालं की सगळ्यांचेच गाल तरुण होतात. तेवढ्यात बेल वाजली.

आलेली बाई एका शाळेची मुख्याध्यापिका होती, ताईंच्याच वयाची. "ताई, एवढं एकदा दाखवा, मग तुमचं करू," असं म्हणून डॉक्टरीणबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या.

मुख्याध्यापिकेने दोन्ही बाजू नीट पाहिल्या. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मुलं मला मागून खडूस म्हणतात. मी चिडलेली नसते हो, चेहराच तसा झालाय. खरं सांगा, सख्ख्या बहिणीला करू दिलं असतं हे?"

एक 'नाही' पुरे होतं. ती पर्स उचलून गेली असती आणि सिरिंज राहिली असती. ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरची बाई थकलेली होती, आणि थकलेल्या माणसाशी खोटं बोलणं ताईंच्या जिवावर आलं.

"फरक पडतो," त्या म्हणाल्या. "आणि फार दुखत नाही."

"मग आजच करते. पुन्हा माझी हिंमत व्हायची नाही."

डॉक्टरीणबाई आत आल्या, सगळं ऐकलं, आणि ताईंकडे वळल्या. "समजून घ्याल ना?"

ताईंनी समजून घेतलं. दुसरं काय करणार? खुर्ची रिकामी केली, पुसली, तिला बसवलं, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. सिरिंज दोन्ही गालांना मिळून जेमतेम पुरली. ताईंना रडू येत होतं, पण हात हलवून चालणार नव्हतं. मुख्याध्यापिका आरशात बघून हसली आणि जाताना म्हणाली, "तुमच्यामुळे धीर झाला."

"तुमचं पुढच्या आठवड्यात," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "अगदी काळ्या दगडावरची रेघ."

"तोवर लग्न होऊन गेलेलं असेल."

"हो की!" डॉक्टरीणबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, खरंच नव्हतं. "मग आता घाई तरी कसली?"

ताईंनी कापूस ओला केला आणि गालावरच्या खुणा पुसायला घेतल्या. गाल अजून बधिर होता. आपण किती जोराने घासतो आहोत, हे त्यांना कळलंच नाही.